नवं कापड, आधी पाण्यातून

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्या भाचीच्या लेकीचं बारसं होतं. पाळणा सजला आणि बाळाला घातला दुकानातून नुकताच आणलेला, कडक घडीचा सुती फ्रॉक. 'सुरकुती पडत नाही' असं वेष्टनावर छापलेलं. घडी मोडली तेव्हा नाकाला झोंबणारा वास आला. नवं आहे, येणारच, म्हणून आम्ही सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी मानेवर, काखेत, जिथे जिथे कापड घासत होतं तिथे लाल पुरळ! डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "फ्रॉक धुऊन घातला होता का?" आम्ही सगळ्या गप्प. घरी आल्यावर माझ्या आईनं ट्रंकेतून बाबांचं जुनं धोतर काढलं, टर्रकन फाडलं आणि दिवेलागणीपर्यंत चार झबली हातानं शिवली. शिवण बाहेरच्या बाजूला, म्हणजे बाळाला टोचत नाही. एवढंच म्हणाली, "कोरं कापड बाळाच्या अंगाला लावायचं नसतं गं. तुम्ही सगळी ह्यातच वाढलात."

सुती कापड चुरगळू नये म्हणून त्यावर रेझिन, म्हणजे राळेसारख्या रसायनाचा थर चढवतात. त्यातून फॉर्माल्डिहाइड नावाचं उग्र वासाचं रसायन सुटतं, कातडीला झोंबतं, काहींना ॲलर्जी होते. पण ते पाण्यात विरघळतं, धुतल्यानं बरंच कमी होतं. म्हणून पुन्हा सांगते, नवं कापड, आधी पाण्यातून. जपानमध्ये १९७३च्या कायद्यानं दोन वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांत फॉर्माल्डिहाइड जवळजवळ चालतच नाही.

आणि सुरकुत्यांची एवढी लाज कशाला हो? सूत म्हटलं की चुरगळणारच. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला चार कपडे जास्त द्या की!

रंगांचंही तसंच. अझो म्हणजे कारखान्यात बनणारे कृत्रिम रंग. त्यांतल्या काहींतून बेंझिडीनसारखी कर्करोग करणारी द्रव्यं सुटतात. अशा ११२ रंगांवर आपल्याकडे १९९७पर्यंत बंदी आली. मंजिष्ठेचा लाल, डाळिंबाच्या सालीचा पिवळा मला फार आवडतो, पण घेताना विचारा, रंग पक्का कशानं केला? तुरटी, हिरडा म्हणाले तर घ्या. मोरचूद म्हणाले तर लहानग्यांसाठी नको. आणि घेतलं तरी, नवं कापड, आधी पाण्यातून.

उरलेल्या धोतराची आईनं दुपटी केली आहेत. धाकट्या भाचीला सातवा महिना लागलाय. परवाच ती दुपटी धुऊन उन्हात वाळवली आणि पुन्हा ट्रंकेत ठेवली.