स्टोनर ६३ : एका सांगाड्यात अनेक बंदुका

एक पोलादी सांगाडा. त्याला नळी, दस्ता आणि खालून मॅगझिन जोडलं की रायफल तयार. आखूड नळी आणि दुमडता दस्ता लावला की कार्बाइन. आणि हाच सांगाडा उलटा करून त्याला जाड नळी बसवली, काडतुसांचा पट्टा लावला, की मशीनगन!

ही स्टोनर ६३. साल १९६३, ठिकाण कॅलिफोर्नियातलं कोस्टा मेसा, कंपनी कॅडिलॅक गेज. कर्ता यूजीन स्टोनर. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकेच्या मरीन दलात होता. पुढे जगभर गाजलेल्या एम-१६ रायफलीचा मूळ आराखडाही त्याचाच. जेम्स सुलिव्हन आणि रॉबर्ट फ्रीमॉन्ट हे त्याचे जुने सहकारी इथेही सोबत होते.

सांगाडा उलटा का करायचा? खरी कारागिरी इथेच आहे. रायफल असताना गॅसची नळी (गोळी सुटताना तयार होणाऱ्या वायूच्या जोरावर यंत्रणा चालवणारी) वर असते आणि मॅगझिन खालून लागतं. सांगाडा उलटा केला की गॅसची नळी खाली जाते आणि काडतुसं भरायची बाजू वर येते. मग आपल्या फौजेने अनेक वर्षं वापरलेल्या ब्रेनगनसारखं वरून मॅगझिन लावा, नाहीतर पट्टा. गोळी सुटण्याची पद्धतसुद्धा बदलते. रायफलीत काडतूस आधीच नळीत जाऊन बसलेलं असतं. मशीनगनमध्ये मात्र बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा सरकता भाग) मागे थांबतो आणि ट्रिगर दाबल्यावरच काडतूस पुढे ढकलतो. सततच्या माऱ्याने नळी तापते. तापलेल्या नळीत काडतूस पडून राहिलं, तर ते आपोआप उडू शकतं. म्हणून ही व्यवस्था. एकाच सांगाड्यात या दोन्ही रीती नांदवणं, याला मी असामान्य बुद्धिमत्ता म्हणेन.

१९६७ च्या सुरुवातीला मरीन दलाने व्हिएतनाममध्ये पहिल्या रेजिमेंटच्या तिसऱ्या बटालियनची लिमा कंपनी या शस्त्राने सज्ज केली. कुणाच्या हाती रायफल, कुणाकडे कार्बाइन, कुणाकडे मशीनगन. जवानांना शस्त्र आवडलं, पण वाळू आणि चिखल त्याला सोसत नव्हता. शिवाय मशीनगनचा भार पेलणारा सांगाडा रायफलीला जड पडत होता. एम-१६ तर तोवर मोठ्या संख्येने फौजेत आलीच होती. चाचणी संपली आणि मरीन दलाने स्टोनर स्वीकारली नाही.

तिला आपलंसं केलं अमेरिकी नौदलाच्या सील या विशेष मोहिमांच्या पथकांनी. सायगावच्या आग्नेयेला रुंग सात नावाचं खारफुटीचं दलदली जंगल आहे. तिथे आणि मेकाँगच्या खोऱ्यात सीलच्या सहा-सात जणांच्या तुकड्या रात्री बोटीने उतरायच्या, कमरेएवढ्या चिखलातून चालायच्या आणि दबा धरून बसायच्या. गाठ शत्रूच्या मोठ्या तुकडीशी पडली, तर पहिल्या काही क्षणांत जबरदस्त मारा करून निसटणं, हाच जगण्याचा मार्ग. नेहमीची एम-६० मशीनगन साडेदहा किलोंची. पट्ट्याची स्टोनर तिच्या जवळपास निम्म्या वजनाची, आणि तिची ५.५६ मिलिमीटरची काडतुसंही तितकीच हलकी. (याच मापाची काडतुसं आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या आयुध निर्माणीतही बनतात.) एकटा माणूस ही मशीनगन आणि शेकडो गोळ्या घेऊन चालू शकत होता. पट्टा चिखलात लोळू नये म्हणून बंदुकीखाली १५० गोळ्यांचा गोल डबा बसवता यायचा.

त्या काठांवर शेतकऱ्यांची आणि कोळ्यांची वस्ती होती, हे विसरून या शस्त्राचं कौतुक करता येत नाही. काळोखात झालेल्या चकमकींची किंमत त्यांनीही मोजली.

आता गंमत नव्हे, पण विचार करण्यासारखी गोष्ट. सील जवान जंगलात बसून मशीनगनची रायफल करत नव्हते. सुटे भाग पाठीवर वाहणार कोण, आणि चकमकीत ते बदलणार कधी? त्यांनी या साऱ्या संचातलं बहुतेक एकच रूप उचललं : हलकी, पट्ट्यावर चालणारी मशीनगन. तीही जपावी लागे. प्रत्येक मोहिमेनंतर उघडून, पुसून, तेलपाणी करून नीट जोडावी लागे. हाताखाली मोजकीच शस्त्रं असलेल्या, कसून तयार झालेल्या पथकाला ते जमलं. लाखोंच्या फौजेत हे जमलं असतं, असं मला वाटत नाही.

स्टोनरचं उत्पादन काही हजारांच्या पुढे गेलं नाही. सील पथकांनी मात्र ती १९८० च्या दशकापर्यंत वापरली. त्याच दशकात अमेरिकी सैन्यात बेल्जियमच्या मिनिमी या मशीनगनवर बेतलेली एम-२४९ आली. तीही ५.५६ चीच, पट्ट्यावर चालणारी, एका जवानाने वाहायची. आणि जेम्स सुलिव्हन? तो सिंगापूरला गेला आणि तिथे त्याने अल्टिमॅक्स १०० ही आणखी हलकी मशीनगन घडवली.