चंब्याचा रुमाल: दोन्ही बाजूंनी सुलट

ही रुक्मिणी. आपल्या विदर्भातली, कौंडिण्यपूरची. कृष्णानं तिला रथात घेतलंय आणि मागून सैन्य धावतंय. हा सगळा प्रसंग मलमलीच्या एका चौकोनावर सुईनं भरलाय, तोही दूर हिमाचलात, रावीकाठच्या चंब्यात.

आता कापड उलटं करू. रथ तोच, घोडे तेच, फक्त तोंडं दुसरीकडे. गाठ शोधून पाहा, सापडायची नाही.

याला दोरुखा टाका म्हणतात. सुई पुढून मागे, मागून पुढे अशी जाते की दोन्ही अंगांना रेशीम सारखंच भरतं. धाग्याला पीळ नसतो, त्यामुळे टाके एकमेकांना लागून सपाट बसतात. हा घोड्याचा गळा जवळून बघा, रंगवल्यासारखा वाटतो. धागा संपला की टोक टाक्यांखाली दडवायचं. आकृतीभोवतीची ही काळी रेघही रेशमाचीच, आणि तीही दोन्हीकडे.

अठराव्या शतकात चंब्याच्या राजांनी पहाडी लघुचित्रं काढणाऱ्यांना आश्रय दिला. हे चित्रकार कापडावर कोळशानं आकृत्या रेखून देत. भरण्याचं काम घरातल्या बायकांचं. आणि जिथं चित्रकार पोचला नाही, तिथं बायकांनी चित्रही स्वतःच काढलं. हा मोर पाहा, शेजारच्या माणसापेक्षा मोठा! आम्हाला तर हेच रुमाल जास्त आवडले.

लग्नात दोन्ही घरांकडून भेटींची ताटं जात, ती या रुमालांनी झाकलेली असत. देवापुढच्या नैवेद्यावरही हेच. ताट पुढं आलं की रुमाल उचलायचा, म्हणजे मागची बाजूही सगळ्यांना दिसणार. जिनं भरला तिचं नाव मात्र त्यावर कुठंच नाही.

पुढं राजाश्रय आटला, भडक बाजारी रंग आले, काम उतरलं.

चंब्यातल्या १९०८ सालच्या भूरीसिंह संग्रहालयात जुने रुमाल जपलेत. चंब्याच्या ललिता वकील यांनी कित्येक मुलींना हा टाका शिकवला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नवे रुमाल आता बहुतेक दिवाणखान्यातल्या फ्रेमसाठी विकले जातात, आणि फ्रेमच्या पाठीला पुठ्ठा ठोकला की निम्मं काम कायमचं झाकलं जातं. कुणी घरी रुमाल लावणार असेल, तर पुठ्ठा नको. दोन्हीकडून काच लावून घ्या, आणि भिंतीला न टेकवता मोकळा टांगा.