नळ येईपर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

‘देवाचं करायला वेळ कुठंय?’ असं कुणी म्हटलं, की दुसरा लगेच सावता माळ्यांचं नाव काढतो. आपल्याच सोलापूर जिल्ह्यातलं, माढा तालुक्यातलं अरण हे त्यांचं गाव. त्यांनी मळ्यातच विठ्ठल पाहिला, मग आपणही कामातच देव बघू, वेगळं बसायचं कशाला? ऐकायला बरं वाटतं. पण खरं सांगू का, बहुतेक वेळा ही पळवाट असते. सावतोबांच्या हातात खुरपं होतं आणि मुखात नाम. आपल्या हातात काम असतं आणि कानात भलतंच काहीतरी वाजत असतं.

आपले सोलापूरचे सिद्धरामेश्वर घ्या. बाराव्या शतकातले. परंपरा सांगते, त्यांनी लोकांसाठी तळं खोदलं, गावाभोवती 68 लिंगं स्थापली. एवढा पसारा मांडलेला माणूस, आणि तरी सिद्धेश्वराच्या देवळात आपण दर्शन घेतो ते त्यांच्या योगसमाधीचं. काम होतंच, बसणंही होतं.

शहराच्या पूर्वभागातल्या विड्या वळणाऱ्या बायका बघा. मांडीवर सूप, पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा. हजाराचा हिशेब पुरा व्हायचा असतो. बोटं आपोआप चालतात, म्हणून तोंडी नाम राहू शकतं. यंत्रमागाच्या खडखडाटातही ते जमतं, कारण तो आवाज कुणाला हाक मारत नाही. मोबाईलची टिंग मात्र थेट आपल्यालाच हाक मारते.

मग बसायचं कधी? सोलापूरकरांना मी एक वेळ सुचवते, पाण्याची. आपल्याकडे नळ रोज येत नाही. पण पाण्याच्या दिवशी घरातलं कुणी ना कुणी बरोबर उठतं, भले मग पहाटेचे तीन का वाजलेले असेनात! पाइप जोडून, घागरी मांडून आपण नळाकडे बघत बसतो. हल्ली ती दहा-पंधरा मिनिटं सगळी मोबाईलमध्ये जातात. ती देवाला द्या. आणि नळ येणार नसेल त्या दिवशीही तेवढाच वेळ बसा, सोयीची एक वेळ धरून. जागा एकच ठेवा, देव्हाऱ्यासमोर नसली तरी चालेल.

मोबाईल नुसता सायलेंट करून भागत नाही, तो नजरेआड हवा. एका खोलीचं घर असेल तर डब्यांमागे ठेवा.

बसल्यावर काय होतं, तेही सांगते. पहिल्या मिनिटाला बचत गटाचा हप्ता आठवतो, दुसऱ्याला पोरीची फी. माणसं इथंच कंटाळून उठतात, म्हणतात, ‘आपलं मन लागत नाही बुवा.’ उठू नका. तो हप्ताच देवापुढं मांडा, किती राहिलाय तेही सांगा. पुन्हा नाम घ्या. पुन्हा फी आठवेल, पुन्हा सांगा.

आणि मध्येच धाकटं उठून आलं, तर हाकलू नका. मांडीवर घ्या आणि नाम जरा मोठ्यानं म्हणा.