झाड पडणार की नाही, हे शेंड्याकडे बघून कळत नाही | कोकणातल्या रस्त्याकडेच्या झाडांची तपासणी

नमस्कार मंडळी.

मे महिना लागला की आमच्या नगरपरिषदेच्या आवक-जावकच्या टेबलावर एकाच मजकुराचे अर्ज साचायला लागतात. "आमच्या घरासमोरील झाड धोकादायक झाले असून ते त्वरित तोडण्यात यावे, ही विनंती." खाली सही, सोबत फोटो. आणि फोटोत काय? नुसता शेंडा. मान वर करून काढलेला, मागे आभाळ, कोपऱ्यात विजेची तार. बुंधा औषधालाही नाही.

मी किनाऱ्यावरच्या एका छोट्या नगरपरिषदेत रस्त्याकडेच्या झाडांची पाहणी करते. मोठ्या महापालिकांत उद्यान विभाग, अधीक्षक, सहायक असा लवाजमा असतो. आमच्याकडे तीच बाई सकाळी झाडं बघते, दुपारी पंचनामे लिहिते आणि वादळाच्या रात्री फोनही तीच उचलते. तर आज झाडाखाली उभी राहून मी नेमकं काय बघते ते दाखवते.

(कॅमेरा खाली, बुंध्यापाशी)

हा पर्जन्यवृक्ष. मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा. झटपट वाढतो, सावली भरपूर देतो, म्हणून आपल्याकडे रस्त्यांच्या कडेला सढळ हाताने लावला गेला. गुलमोहराचीही तीच गोष्ट, तो मादागास्करचा. दोघांचीही मुळं वरवर पसरतात. त्यात आपली जमीन म्हणजे वीत-दोन वीत माती आणि खाली जांभा. देशावरच्या काळ्या मातीत झाड मूळ खोल नेऊ शकतं, इथे कातळाला टेकलं की ते आडवं वळतं. तशीही कुठल्याही झाडाची पाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्या बरीच बाहेर जातात. म्हणजे तुम्ही गाडी लावता, टपरी टाकता, चर खणता, ते सगळं झाडाच्या मुळांवरच चाललेलं असतं.

आता इथे बघा. रस्त्याच्या बाजूला गटार, गटाराला नवं काँक्रीट. आणि बुंध्यापासून जेमतेम हातभर अंतरावर डांबरात हा लांबलचक पट्टा, रंगाने थोडा वेगळा. इथून पाईपलाईन गेली आहे. चर खणला, पाईप टाकला, चर बुजवला, वर डांबर मारलं. काम एकदम नीटनेटकं. पण चर खणताना जेसीबीच्या दातांत या बाजूची सगळी मुळं आली.

ढोबळ हिशोब असा. बुंध्याची जाडी जेवढी, तिच्या तिपटीच्या आत खणलं तर झाडाला उभं धरणाऱ्या मुळांवरच घाव बसतो. बुंधा दोन फूट जाड असेल तर सहा फूट जागा सोडायला हवी. आपल्या गावातल्या रस्त्यांवर सहा फूट आणायचे कुठून, हा प्रश्न रास्त आहे. पण मग निदान त्या तुकड्यात मशीन बाजूला ठेवून हाताने खणा, मुळाखालून पाईप सरकवा. ठेकेदाराचा अर्धा दिवस जास्त जाईल, इतकंच.

आणि गंमत अशी की असं झाड त्या वर्षी पडत नाही. पहिला पावसाळा काढतं, कधी दुसराही. मधल्या काळात पानं विरळ होतात, शेंड्याकडच्या बारीक फांद्या वाळतात. मग एके दिवशी फारसं वारं नसताना, नुसती संततधार लागलेली असताना, मुळासकट आडवं होतं. लोक म्हणतात, पाऊस फार झाला. पाऊस काय, कोकणात फारच होतो.

(कॅमेरा बुंध्याभोवती फिरतो)

झाड वाकडं आहे म्हणून घाबरू नका. किनाऱ्यावरची कितीतरी झाडं लहानपणापासून वाऱ्याच्या रेट्याने एका अंगाला कललेली असतात आणि तशीच म्हातारी होतात. खोड खालून वाकडं निघून वर सरळ व्हायला लागलं असेल, तर झाडाने स्वतःला सावरलेलं असतं. मला काळजी वाटते ती यंदा कललेल्या झाडाची. ते कसं ओळखायचं? झाड ज्या बाजूला झुकलंय त्याच्या बरोबर उलट बाजूला जा आणि खाली बसा. जमिनीला अर्धगोल भेग पडली आहे का, माती फुगून वर आली आहे का, फरशी उचलली गेली आहे का, ते बघा. भेग ताजी असेल, आत ओली माती आणि तुटलेल्या मुळांची पांढरी टोकं दिसत असतील, तर अर्ज लिहीत बसू नका, थेट फोन करा. अशा वेळी मी परवानगीच्या फायलीची वाट बघत नाही. जीविताला तातडीचा धोका असेल तर झाड लगेच उतरवता येतं, कायद्यातच तशी तरतूद आहे.

दुसरी गोष्ट, अळंबी. खायची नव्हे. बुंध्याच्या तळाशी, मातीला लागून अशी कडक, तपकिरी, कडेला पांढरट किनार असलेली खापरी दिसली, की समजायचं आत कुजायला लागलंय. ती उपटून टाकून काही होत नाही. आपल्याला दिसतं ते बुरशीचं फळ, बाकी सगळा कारभार लाकडाच्या आत. मग मी ही लाकडी हातोडी काढते.

(ठोकून दाखवणे: आधी वरती, मग खाली)

ऐकलंत? वरती ठणठणीत आवाज, इथे खाली बद्द. फणस पिकलाय की नाही हे आपण टिचक्या मारून बघतो ना, तसंच. बद्द आवाज जिथे येतो तिथे खडूने खूण करत जायचं, म्हणजे पोकळी केवढी आहे याचा अंदाज येतो. नुसती ढोली आहे म्हणून झाड तोडायचं नसतं. जुन्या वडा-आंब्यांना ढोली असतेच, तिच्यात पिंगळे राहतात, आणि भोवतीचं लाकूड जाड, निरोगी असेल तर झाड वर्षानुवर्षं उभं राहतं. आंब्याच्या बुंध्याशी लाकडाचा ओला भुसा पडलेला दिसला तर तो भिरूड. अळी आतून खोड पोखरत असते. लवकर लक्षात आलं तर भोक शोधून, तार घालून अळी काढता येते. उशीर झाला तर सगळी फांदीच जाते.

आता त्या शेंड्याकडे येऊ.

"मॅडम, तोडू नका, पण शेंडो तरी मारा." हे वाक्य मी रोज ऐकते. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. उंची कमी झाली की धोका कमी, असं त्याला वाटतं. पण झाडाचा शेंडा मधूनच उडवला की त्या थोटकाला चहूबाजूंनी धुमारे फुटतात. हे धुमारे आतल्या लाकडातून आलेले नसतात, सालीलगतच्या थराला नुसते चिकटलेले असतात. दोन-तीन पावसाळ्यांत ते मनगटाएवढे होतात, वर पानांचा भारा. खाली थोटूक पाणी पिऊन कुजतंय, त्यावर हा भारा. जे झाड बरं उभं होतं ते आता खरोखर धोकादायक झालं. आणि मग अर्ज येतो की धोकादायक झाड तोडा.

वाऱ्याचा जोर कमी करायचा तर शेंडा न मारता मधल्या फांद्या विरळ करायच्या. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की झाडावरचा रेटा चौपट होतो, त्यामुळे थोडी मोकळीक केली तरी फरक पडतो. थोडीच. एका वेळी पाव भागापेक्षा जास्त हिरवं काढलं तर झाडाची उपासमार.

(कॅमेरा फांदीवर, कामगार शिडीवर)

फांदी कापायची कशी, हे जरा जवळून बघा, कारण इथेच सगळी गडबड होते. आमचे दादा आधी खोडापासून फूटभर लांब, फांदीच्या खालच्या अंगाला काप घेतायत. अर्धाही नाही, एक तृतीयांश. मग त्याच्या थोडं पुढे वरून काप. फांदी आपल्या वजनाने मोडून खाली आली, आणि साल सोलवटली नाही. पहिला खालचा काप घेतला नसता तर फांदी पडताना खोडाची साल हातभर फाडत गेली असती. आता राहिलं ते थोटूक. फांदी खोडाला मिळते तिथे ही फुगीर वळी दिसतेय? तिला अजिबात धक्का न लावता, तिच्या अगदी बाहेरून तिसरा काप. ही वळी पुढे सरकत सरकत जखम बुजवते. वळीसकट खोडालगत साफ कापलं तर जखम बुजायची कशी? आणि लांब थोटूक ठेवलं तरी ते कुजणारच. वरून डांबर, रंग, शेण काही फासायचं नाही. झाड आतून स्वतःच भिंत घालून घेतं, डांबराखाली उलट ओल धरून राहते.

तारांना टेकलेल्या फांदीला मात्र आम्हीही हात लावत नाही. लाईनमन येऊन लाईन बंद करेपर्यंत कोयताही वर जात नाही. ओली फांदी आणि पाऊस असेल तर खाली उभं राहणंसुद्धा नको.

माडाचं गणित पूर्ण वेगळं. माडाला एकच कोंब, तो गेला की माड संपला. आणि त्याच्या खोडावरची जखम कधीच भरून येत नाही, कारण साल वाढवणारा थरच त्याला नसतो. चढायला सोपं म्हणून खोडात खाचा मारतात ना, त्या जन्मभर तशाच राहतात आणि तिथून भुंगा आत शिरतो. वाऱ्यात माड झुलतो, झेपावतो, पण बहुधा टिकतो. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा श्रीवर्धनकडच्या वाड्यांत रोठा सुपारीच्या पोफळी काड्यांसारख्या मोडल्या, माडही पडले, पण बरेच उभेही राहिले. रस्त्यावर झुकलेल्या माडाचा खरा धोका डोक्यावर पडणाऱ्या नारळाचा आणि चुडताचा, म्हणजे झावळीचा. पावसाच्या आधी पाडेलीला, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणाऱ्याला बोलावून असोले (न सोललेले नारळ) आणि वाळकी चुडतं उतरवून घ्या. माड तुमच्या वाडीतला असेल तर ते काम तुमचंच, नोटीस मी पाठवतेच.

वादळांचं निघालंच आहे तर एक सांगते. फयान आलं 11 नोव्हेंबर 2009 ला, तौक्ते आपल्या किनाऱ्यावरून गेलं 16 मे 2021 ला, निसर्गची तारीख वर सांगितलीच. तिन्ही वेळा भर पावसाळा नव्हता. "मान्सूनपूर्व कामं" म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात कोयता उचलायचे दिवस गेले. पाहणी एप्रिलमध्ये संपायला हवी, आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात परत एक फेरी.

कायद्याचं थोडक्यात. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975. शहर हद्दीत स्वतःच्या परसातलं झाड तोडायलाही परवानगी लागते. अर्ज आला की झाडावर नोटीस लावायची, हरकती मागवायच्या. झाडावर कागद दिसला तर फाडू नका, वाचा. तुमचं म्हणणं मांडायची तीच वेळ असते. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षं आणि त्याहून जुनं झाड हेरिटेज ठरलं, आणि तोडलेल्या झाडाचं वय जेवढं, तेवढी रोपं लावायची अट आली.

कागद झाला तरी प्रत्येक झाडावर कोयता लगेच चालतो असं नाही. वड किंवा पिंपळ असला की आमचे कामगार आधी थांबतात. नारळ ठेवतात, गाऱ्हाणं घालतात, मगच दोर बांधतात. मी घड्याळ बघत नाही. तेवढ्या वेळात मीही झाडाला आणखी एक फेरी मारून घेते, आणि कधी कधी त्या फेरीत एखादी फांदी वाचते. वटपौर्णिमेला मात्र माझा जीव खाली-वर होतो. सूत गुंडाळल्याने वडाचं काही बिघडत नाही, ते कुजून जातं. बाजारात विकायला ओरबाडलेल्या फांद्यांचं काय करायचं ते सांगा.

त्याहून वाईट म्हणजे दिवाळीच्या लायटिंगची वायर. सण संपतो, वायर तशीच राहते, खोड जाड होतं आणि वायर सालीत रुतते. साल तुटली की पानांनी तयार केलेलं अन्न मुळांपर्यंत जाणं बंद. जाहिरातीच्या पाट्यांचे खिळे, बुंध्याला टेकवून पेटवलेला पाचोळा, गळ्यापर्यंत ओतलेलं काँक्रीट, सगळं त्याच जातीचं. काँक्रीटबाबत राष्ट्रीय हरित लवादाने 2013 साली दिल्लीच्या झाडांसाठी बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायचा आदेश दिला होता. आपल्याकडे पेव्हर ब्लॉक बसवणाऱ्यांना तो मीटर सापडत नाही.

नवं झाड लावायचं तर माझी पसंती इथल्याच झाडांना. समुद्राच्या अगदी जवळ उंडी, भेंड, करंज. खारं वारं सोसतात. आतल्या रस्त्यांना बकुळ, ताम्हण, जांभूळ. सुरंगी लावलीत तर धीर धरा, ती सावकाश वाढते. जांभ्यात खड्डा हात-दीड हात खोल करून भागत नाही. मीटरभर लांब, रुंद, खोल फोडा आणि कडा खडबडीत ठेवा, नाहीतर पावसात त्याची विहीर होते आणि रोप आत बुडतं. पिशवी काढताना मुळं गोल गोल गुंडाळलेली दिसली तर ती मोकळी करा किंवा कापा. तशीच लावलीत तर पुढे तीच मुळं खोडाला फास देतात.

आणि अर्जाबरोबरचे फोटो. तीन काढा. एक लांबून, पूर्ण झाड दिसेल असा. एक बुंध्याचा, जमिनीसकट, शेजारी छत्री उभी करून, म्हणजे माप कळतं. तिसरा, शेजारी गेल्या काही वर्षांत खणलेलं असेल त्या जागेचा. कोणी आणि केव्हा खणलं ते आठवत असेल तर तेही लिहा. परवाच एका आजींनी मला विचारलं, "गो बाय, ह्यां झाड घरार पडला मगे येतलंस?" त्यांनी नातवाकडून असे तीन फोटो पाठवून दिले असते तर मी त्याच दिवशी हातोडी घेऊन गेले असते.

लोखंडी जाळ्यांबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय. झाड मोठं झाल्यावर जाळी कापायची कशी, ते पुढच्या व्हिडिओत करून दाखवते. तुमच्या रस्त्यावर जाळीत रुतलेलं झाड असेल तर जागा खाली कमेंटमध्ये लिहा, त्यातलंच एखादं घेऊ.