तिरकं भोक, सरळ मशीन

मंडळी, 2019 च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी सांगलीच्या गावभागात शिरलं. ते ओसरल्यावर माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या खुर्च्या बहुतेक एकाच जागी हलत होत्या: बैठकीची बाजूची पट्टी मागच्या पायाला मिळते तिथं. सगळा दोष पाण्याचा नव्हता. त्या जागी काटकोन नसतो, आणि आपण सुतार तिथं काटकोनाचं भोक पाडून कसंबसं भागवतो.

हिशेब करून बघा. बैठक समोर 450 मिलिमीटर, मागे 380, खोली 400. म्हणजे प्रत्येक बाजू 35 मिलिमीटर आत येते. कोन झाला 5 अंश. भोक सरळ ठेवून कुसू, म्हणजे पट्टीच्या टोकाचा भोकात बसणारा भाग, तिरकं कापलं तर एवढ्यावर चालून जातं. कोन वाढला की मात्र लाकडाच्या धाग्याची रेषा तुटते, कुसवात आडवे धागे येतात आणि ते मुळाशी मोडतं. म्हणून कुसू सरळ ठेवायचं, तिरकेपणा भोकाला द्यायचा.

आता हे भोक पाडायचं मशीन. चौकोनी पोकळ पटाशी, तिच्या आत फिरणारं गिरमिट: गिरमिट लाकूड काढतं, पटाशी कोपरे चौकोनी करते. दुकानात गेलात की डोकं, म्हणजे पटाशी-गिरमिट धरणारा भाग, वाकणारं महाग मॉडेल पुढं करतात. मीही भुलून घेतलं होतं. घरी आणल्यावर कळलं, डोकं डावी-उजवीकडे वाकतं, म्हणजे लाकूड टेकवायच्या आधारपट्टीच्या दिशेनं. भोक त्याच्या लांबीत तिरकं होतं. फाकलेल्या पायाच्या टेबलाला ते उत्तम. पण खुर्चीच्या मागच्या पायाला तिरकेपणा हवा भोकाच्या रुंदीत! शिवाय एकदा वाकवलेलं डोकं पुन्हा शून्यावर आणायला दरवेळी गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून अर्धा तास जायचा. दुकानदाराला दोष देत नाही. मीच त्याला खुर्चीचा पाय दाखवला नव्हता.

त्यामुळे माझं मत असं: रोज फाकलेल्या पायाचीच कामं करत असाल तर वाकणारं डोकं घ्या. बाकीच्यांनी साधं, पण घट्ट मशीन घ्यावं आणि कोन पाचरेत ठेवावा. पाय 40 मिलिमीटर रुंद असेल तर त्याखाली पायाइतकी लांब पट्टी घाला, एक कड दुसरीपेक्षा साडेतीन मिलिमीटर जाड. झाले 5 अंश. ती पट्टी रंध्यानं एकदा नीट केली की सहाच्या सहा खुर्च्यांना तोच कोन.

घेताना काय बघायचं? डोकं पूर्ण खाली आणा, पटाशी मुठीत धरा आणि हलवा. जाणवेल इतकी हलली तर निघून या, किंमत विचारूही नका. मग लाकूड दाबून धरणारा आकडा बघा. पटाशी वर ओढताना लाकूड उचललं जातं, आणि पाचरेवर ते जास्तच उचलतं. दांडा लांब हवा. सागवानाला अर्धा एचपी पुरतो, बाभळीला एक लागतो.

उतारावर पटाशीची एक कड आधी टेकते आणि घसरू बघते. दोन सुतीची (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) बारीक पटाशी तर चक्क वाकते. खुर्चीला तीन सुतीची घ्या. पहिला दाब अगदी हळू. पटाशीची खिडकी आधी पाडलेल्या भोकाकडे ठेवा, भुसा तिकडं पडतो.

आणि ते नाण्याचं विसरू नका. पटाशी चढवताना तिच्या खांद्यावर एक रुपयाचं नाणं अडकवा, गिरमिट वर टेकवून आवळा, नाणं काढा, पटाशी वर सरकवा. दीड मिलिमीटर फट राहते. ती नसेल तर लोखंड लोखंडावर घासतं, टोक निळं पडतं, पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं, आणि मग म्हणायचं की मशीन खराब!

इथं टेबलावर माझी पाचर आणि एक मागचा पाय ठेवलाय. तिरका गुण्या ज्याच्या पिशवीत असेल त्यानं आधी पुढं यावं.