शाळा सुटल्यानंतरचे तीन तास

श्रोतेहो, नमस्कार.

शाळेची शेवटची घंटा झाली आहे. चौदा वर्षांचा एक मुलगा घरी येतो, खिशातल्या किल्लीनं कुलूप काढतो, दप्तर भिरकावतो, हाताला लागेल ते खातो. आईवडील यायला अजून तीन तास आहेत. दहा मिनिटांत तो पुन्हा कुलूप लावून बाहेर पडतो. कुठे चाललास विचारलं, तर म्हणेल, ‘असंच.’

बालगुन्हेगारीचा विषय निघाला की आपण कायद्यावर नि सुधारगृहांवर बोलतो. मला या ‘असंच’वर बोलायचं आहे. अमेरिकेतल्या पोलिसांच्या नोंदी पाहिल्या, तर अल्पवयीन मुलांचे हिंसक गुन्हे शाळेच्या दिवशी दुपारी तीन-चारच्या सुमारास, म्हणजे शाळा सुटल्यासुटल्या, सर्वांत जास्त घडतात. सुटीच्या दिवशी हीच वेळ संध्याकाळवर जाते.

रिकामं मन सैतानाचं घर, असं आपण पटकन म्हणून टाकतो. पण घरात एकटा लोळत पडलेला मुलगाही रिकामाच असतो की! तो सहसा कुणाची सायकल पळवत नाही. गुन्हेगारीचे अभ्यासक वेन ऑसगुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली नेमकं यावर बोट ठेवलं. बरोबर मित्र आहेत, हाती ठरलेलं काम नाही आणि आसपास मोठं माणूस नाही, या तीन गोष्टी जुळून आल्या की वाट चुकण्याचा संभव वाढतो. मुलगा वाईटच असावा लागतो असं नाही.

मग एक हॉल उघडावा, कॅरम मांडावा, झालं? इथेच गाडी अडते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात मुलं गुन्ह्याकडे वळू नयेत म्हणून १९३९ साली ५०६ मुलांवर एक मोठा प्रयोग सुरू झाला. निम्म्यांना समुपदेशक, शिकवणी, उन्हाळी शिबिरं. उरलेल्यांना काहीच नाही. गुन्हेगारीच्या अभ्यासक जोन मॅकॉर्ड यांनी तीस वर्षांनी त्या सगळ्यांचा माग काढला, तर मदत मिळालेल्यांचीच गत काही बाबतींत वाईट निघाली. त्यातही पुन्हा पुन्हा शिबिराला गेलेल्यांची जास्त. बंडखोर पोरं एकत्र आली की एकमेकांच्या खोड्यांना टाळ्या देतात, ती टाळीच शिकवण होते, असा त्याचा एक उलगडा पुढे मांडला गेला.

म्हणून केवळ ‘बिघडलेल्यांसाठी’ वर्ग काढू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. तबला असो, कुस्ती असो की सायकलदुरुस्ती, सगळ्या प्रकारची मुलं एकत्र हवीत आणि काम रोज थोडं अवघड होत जायला हवं. आइसलँडनं खेळ आणि कलावर्गांसाठी पैसे दिले, पालकांना बरोबर घेतलं, रात्री मुलांनी बाहेर राहण्यावर वेळेचं बंधन घातलं. तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांत महिनाभरात एकदा तरी दारू पिऊन झिंगलेल्यांचं प्रमाण १९९८ मध्ये ४२ टक्के होतं. २०१६ मध्ये ते ५ टक्क्यांवर आलं. दारू म्हणजे गुन्हा नव्हे, हे खरं. पण दोन्हींची वाट त्याच मोकळ्या तासांतून जाते.

वर्ग चालवणाऱ्यांना मी एकच प्रश्न विचारतो. हजेरीपट आहे का? ‘उपस्थिती ८० टक्के’ असं अहवालात लिहिण्यासाठी नव्हे. तो किल्लीवाला मुलगा दोन दिवस आला नाही, तर तिसऱ्या दिवशी त्याच्या दारावर थाप कोण मारणार, ते नाव मला त्या वहीत वाचायचं असतं.