ना मोर, ना वेल

(दृश्य: अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर. यंत्रमागांचा खडखडाट.)

या आवाजात बोलायचं तर ओरडावं लागतं. म्हणून आधी नुसतं बघू. मागाच्या वर जेकार्ड आहे आणि त्यावरून पुठ्ठ्यांची माळ सरकतेय. पुठ्ठ्याला भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. चादरीवरचा मोर खरं तर या भोकांमध्ये बसलेला असतो.

आता समजा, दोन डिझाइनच्या माळा मधेच तुटल्या आणि घाईत एकीचं डोकं दुसरीच्या शेपटाला बांधलं गेलं. सूत तेच, रंग तेच, मागही तोच. पण विणून येईल ते ना मोर, ना वेल.

यूइंग सार्कोमा नावाचा कॅन्सर असाच सुरू होतो.

हाड, स्नायू, चरबी, कूर्चा अशा शरीराला आधार देणाऱ्या ऊतींचा कॅन्सर म्हणजे सार्कोमा. मोठ्या माणसांच्या कॅन्सरमध्ये त्याचा वाटा जेमतेम एक टक्का. यूइंग मात्र जास्त करून शाळा-कॉलेजच्या वयात गाठतो. मांडीचं किंवा कमरेचं हाड दुखतं, रात्री जास्त. क्रिकेट खेळताना लागलं असेल, असं घरात ठरतं. सूज आणि ताप आला, तर हाडात पू झाला असावा असं वाटतं. यात महिने निघून जातात.

जेम्स यूइंग यांनी या गाठीचं वर्णन केलं १९२१ साली. मूळ सापडायला १९९२ उजाडलं. ११ आणि २२ क्रमांकांची गुणसूत्रं तुटतात आणि त्यांच्या तुकड्यांची अदलाबदल होते, हे त्याआधीच दिसलं होतं. त्या जोडात नेमकी कोणती जनुकं आहेत, हे पॅरिसमध्ये ओलिव्हिए देलात्र आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. ईडब्ल्यूएसआर१ या जनुकाचा पुढचा भाग एफएलआय१च्या मागच्या भागाला चिकटतो. सुमारे ८५ टक्के रुग्णांत हाच जोड असतो. तो आईवडिलांकडून आलेला नसतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण घरातलं कुणी ना कुणी स्वतःला दोष देत बसलेलं असतं.

(दृश्य: सोलापूर स्टेशन, रात्र. सिद्धेश्वर एक्सप्रेस.)

मुंबईला निघालेल्या एखाद्या बापाच्या पिशवीत रिपोर्टांसोबत मेणाची एक वडी असते. डॉक्टर तिला ‘ब्लॉक’ म्हणतात. बायोप्सीचा तुकडा त्यात असतो. हाड कापता यावं म्हणून तुकडा आधी मऊ करतात. त्यासाठी जहाल आम्ल वापरलं असेल तर आतला डीएनए खराब होतो आणि पुढची तपासणी फसू शकते. एवढीशी गोष्ट, पण तिच्यावर बरंच अडतं.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकातून. काळ्या पार्श्वभूमीवर निळ्या पेशी.)

या तपासणीचं नाव फिश. ईडब्ल्यूएसआर१च्या एका बाजूला लाल खूण लावतात, दुसऱ्या बाजूला हिरवी. जनुक धड असेल तर दोन्ही ठिपके एकमेकांना खेटून, पिवळसर दिसतात. इथे बघा. एक जोडी खेटलेली आहे. दुसरीतला लाल एकीकडे, हिरवा दुसरीकडे. माळ इथे तुटलीय.

या जोडातून तयार होणारं प्रथिन डीएनएवर जीजीएए, जीजीएए अशी अक्षरं ओळीने आली की तिथे जाऊन बसतं. निरोगी पेशीत या जागा मुक्या असतात. हे प्रथिन तिथला घट्ट गुंडाळलेला डीएनए उलगडतं आणि झोपलेली जनुकं जागी करतं.

मागाची उपमा मात्र इथे सोडावी लागते. माग माळेप्रमाणेच विणतो. ही पेशी तसं करत नाही. गाठीतल्या प्रत्येक पेशीत या प्रथिनाचं प्रमाण सारखं नसतं, आणि ते बदलतही राहतं. देलात्र यांच्याच गटाने २०१७ साली हे दाखवलं. प्रमाण चढं असलेली पेशी भराभर दुभंगत राहते. उतरलं की ती पसरट होते, शेजारणींना धरून राहत नाही, सरकू लागते. वाढायचं काम बाजूला, प्रवास सुरू. त्यासाठी नवा बिघाड व्हावा लागत नाही. जनुकं तीच राहतात, फक्त वागणूक बदलते. पेशीचा लवचिकपणा म्हणतात तो हा.

निदानाच्या वेळी चौघांतल्या एकाच्या फुप्फुसात, दुसऱ्या हाडात किंवा मज्जेत आजार पसरलेला दिसतो. उरलेल्यांचा स्कॅन स्वच्छ असतो. पण नुसतं ऑपरेशन किंवा किरणोपचार व्हायचे त्या काळात दहातल्या आठ-नऊ जणांचा आजार उलटायचा. म्हणजे प्रवासी पेशी आधीच निघून गेलेल्या असायच्या. म्हणून आज स्कॅन स्वच्छ असला तरी केमो सगळ्यांनाच देतात.

मग त्या प्रथिनावरच औषध का नाही? ते प्रथिन लिबलिबीत आहे, औषधाला बसायला धड खाच सापडत नाही. दुसरी अडचण जास्त अवघड आहे. प्रथिन पुरतं बंद पाडलं तर पेशी मरेल. पण औषधाने ते अर्धवटच उतरलं, तर पेशी थांबेल, की चालू लागेल?